हललेली

कारखाना पाडायला घेतला तेव्हा
मुकादमाच्या खोलीतून निघाला हा फोटो.
काच तडकलेली, मागच्या पुठ्ठ्याला वाळवी,
आणि पेन्सिलीने : सत्यनारायण, वेंगुर्ले, १९५२.
माझं दुकान फ्रेमचं. लोक देव आणतात,
वारलेले वडील आणतात,
मी चौकट देतो, बघत बसत नाही.
हा मात्र चार दिवस बघतोय.

मधे खुर्चीवर नाथाशेट परुळेकर.
काळी टोपी, उपरणं, पायात मोजे आहेत, वहाणा नाहीत,
पूजा नुकतीच झाली असणार.
बाजूला हिशेबनीस, वही मांडीवर,
फोटोपुरतीसुद्धा त्याला ती खाली ठेववली नाही.
मागे काजूचे डबे रचलेले, विलायतेला जाणारे,
त्यांच्या मागे खिडकी.
खिडकीत बंदर असायला हवं,
पण उजेड इतका, की तिथे नुसता कागद उरलाय.

आणि बायका. मोजल्या, एकेचाळीस.
हात एकीचेही दिसत नाहीत.
कोणी पदरात घेतलेत, कोणी शेजारणीच्या पाठीमागे.
काजूचा डीक बोटं काळी करतो,
राखेने घासा, खोबरेल चोळा, जात नाही.
माझी आते लग्नाच्या पंगतीत
शेवटपर्यंत डाव्या हाताने उजवा झाकून बसायची.
काळ्यापांढऱ्या फोटोत काय कळणार होतं,
सावली म्हणून खपून गेलं असतं.
पण हे त्यांना कोण सांगणार.

शेडमध्ये अंधार, म्हणून फोटोवाल्याने
कॅमेऱ्याचं झाकण जरा जास्त वेळ उघडं ठेवलं असेल.
‘हालू नकात. श्वास घेव नकात.’
चाळीस जणींनी घेतला नाही.
तिसऱ्या रांगेत, डावीकडून सहावी,
तिचा चेहरा तेवढा वाहून गेलाय,
ओल्या पाटीवरून बोट फिरवावं तसा.

मुलगा म्हणाला, भूत आहे.
मी भिंग लावलं. भूत कसलं!
तिच्या शेजारची बघा, सातवी :
ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर.
इतकं साळसूद तोंड उगाच होत नाही कोणाचं.
हिनेच काहीतरी पुटपुटलं,
शेटच्या मोज्यावरून असेल, डाव्याला भोक आहे,
आणि ती हसली.

फोटो दुकानात दर्शनी लावला.
आधी मोंडकरांची सून आली : या आमच्या सासूबाई.
मग उभादांड्याचा एक तांडेल, जाळ्याचा दोरा घ्यायला आलेला :
‘ही माजी आवस. हसाक लागली की थांबायची नाय.’
मग दाभोलीहून इजाबेल मावशीची नात.
ती काहीच बोलली नाही,
मोबाईलने तेवढाच तुकडा टिपला आणि खिशात ठेवला.

बाकीचे चेहरे लख्ख आहेत.
नाकातल्या चमक्या दिसतात, कपाळावरचं गोंदण मोजता येतं.
त्यांना कोणी विचारलं नाही.
सातवीपाशी फक्त एक म्हातारा बराच वेळ थांबला,
‘नाय, नसात’ म्हणाला, आणि छत्री विसरून गेला.

तिघांनाही तोच चेहरा मोठा करून हवाय.
मी सांगतो, मोठा केला की आणखी पुसतो.
कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणतो, दुसरीचे डोळे बसवू,
ओठ बसवू, कळणारही नाही.
त्याला म्हटलं, तू चहा घे आणि जा.

आज काच काढली तेव्हा दिसलं.
तडा नेमका तिथूनच गेला होता.
हसता हसता तिचा पदर सुटलाय,
हात बाहेर आलाय, प्रसादाचा द्रोण धरलेला.
चेहरा हलला, हात हलला नाही.
दिवसभर काजू फोडणारा हात तो,
बोट आणि दांडक्यामध्ये
एका सालीएवढं अंतर राखायची सवय असलेला.
पाचही बोटं स्पष्ट आहेत. काळी.

नवी काच बसवली.
पावती कोणाच्या नावावर फाडायची,
ते अजून ठरत नाही.